अंजिराची छाटणी : शीत प्रदेशांतील व पुणे परिसरातील

अंजिराच्या झाडाची छाटणी केव्हा व किती करावी, या प्रश्नाला उद्यानविद्येच्या ग्रंथांतून परस्परविरोधी उत्तरे मिळतात. इंग्लंडसारख्या देशातील ग्रंथकार सांगतो, की हिवाळ्यात फांदीचे शेंडे कापू नयेत. कापल्यास पुढील हंगामाचे फळ हातचे जाते. जपानमधील बागाईतदार हिवाळ्यात मागील हंगामाची जवळजवळ सर्व फांदी काढून टाकतो व केवळ एक-दोन डोळे राखतो. पुरंदर तालुक्यातील शेतकरी हिवाळ्याची वाटच पाहत नाही. तो पावसाळ्याच्या प्रारंभी किंवा अखेरीस कात्री हाती घेतो. ही तीन विधाने एकत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्यास यांपैकी कोणीतरी चुकत असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तिघेही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. हे कसे, याचा उलगडा करणे आणि त्यावरून पुणे परिसरातील छाटणीचे तत्त्व निश्चित करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयास स्थानिक महत्त्वही आहे. सिंहगडापासून पूर्वेकडे भुलेश्वरपर्यंत जाणारी डोंगररांग कात्रज, बोपदेव व दिवे या घाटांनी ओलांडता येते. या रांगेच्या उत्तर पायथ्याशी कात्रज असून ते आज पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. घाट उतरून दक्षिणेस गेले, की खेड-शिवापूर लागते. तेथून पूर्वेस सासवड-जेजुरीपर्यंतचा पर्जन्यछायेचा पट्टा हा महाराष्ट्रातील अंजिराचा प्रमुख प्रदेश मानला जातो. मराठवाड्यात दौलताबादचा परिसरही अंजिरासाठी प्रसिद्ध आहे. पुरंदर तालुक्यात जाधववाडी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र असून २०१६ मध्ये 'पुरंदर अंजीर' या नावास भौगोलिक संकेताची मान्यता मिळाली. अशा प्रदेशाच्या वेशीवर अध्ययन करणाऱ्यांनी परदेशी ग्रंथांतील नियम पाठ करून थांबणे योग्य ठरणार नाही.

फळ कोठे धरते?

छाटणीचा विचार फळ कोणत्या लाकडावर येते, या प्रश्नापासून सुरू झाला पाहिजे. अंजीर हे वड, पिंपळ व उंबर यांच्याच प्रजातीतील झाड आहे. आपण ज्याला फळ म्हणतो तो कुंभासारखा पोकळ पुष्पविन्यास असून त्याच्या आतील भिंतीवर असंख्य सूक्ष्म फुले असतात. स्मर्ना गटातील अंजिरांना परागणासाठी ब्लास्टोफॅगा नावाच्या बारीक कीटकाची आवश्यकता असते. त्याच्या अभावी त्यांची कोवळी फळे गळून जातात. पुण्याचे अंजीर मात्र सामान्य गटातील आहे. त्यात परागणाशिवाय फळ वाढते व पिकते. त्यामुळे येथील बागाईतदाराला कीटकाची चिंता नाही. त्याची सर्व चिंता नव्या फुटीविषयीची आहे.

अंजिराच्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बगलेत सामान्यतः दोन प्रकारच्या कळ्या आढळतात. एक टोकदार असते, तिच्यातून फांदी फुटते. तिच्या शेजारची कळी गोलसर असते, तिच्यातून फळ येते. नवी फांदी वाढू लागली, की बुडाशी असलेली पहिली दोन-तीन पेरी सोडून पुढे पेऱ्यागणिक फळ दिसू लागते. सर्वांत खालचे फळ आधी पिकते व मग क्रमाने वरची फळे पिकत जातात. हा झाला चालू हंगामाच्या फांदीवरील मुख्य बहार. हंगामाच्या अखेरीस शेंड्याजवळ तयार झालेल्या काही फळकळ्या मात्र न वाढता तशाच राहतात. हिवाळा ओलांडून पुढील वसंतात त्या वाढतात व गतवर्षीच्या लाकडावर फळ देतात. या फळांना पाश्चात्त्य देशांत 'ब्रेबा' ही संज्ञा आहे.

म्हणजे एकाच झाडावर दोन वेगवेगळ्या वयांच्या लाकडांवर फळ येऊ शकते. त्यांपैकी कोणते लाकूड राखावयाचे व कोणते कापावयाचे, हे ठरविणे म्हणजेच छाटणी. हा निर्णय हवामानावर अवलंबून असतो.

शीत प्रदेशांतील व्यवहार

थंड देशांत अंजिरापुढे दोन संकटे असतात. पहिले लाकूड गोठण्याचे. पूर्ण विश्रांतीत असलेले परिपक्व लाकूड साधारणपणे उणे ८ ते उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. कोवळी फूट मात्र शून्याच्या किंचित खाली तापमान गेले तरी करपते. दुसरे संकट उन्हाळा अपुरा पडण्याचे. नव्या फांदीवरील फळ पिकण्यास पुरेसे उष्ण दिवस न मिळाल्यास ते शरद ऋतूत हिरवे व कठीण राहते आणि पुढे थंडीत नष्ट होते.

इंग्लंडमध्ये मुख्य अडचण दुसरी आहे. तेथे उघड्यावरील झाडाचे नव्या फांदीवरील फळ बहुधा पिकत नाही. म्हणून सारी भिस्त गतवर्षीच्या शेंड्यांवर राहते. तेथील छाटणीचे सर्व नियम यातून निघतात. झाड दक्षिणाभिमुख भिंतीलगत पसरून वाढवितात, कारण भिंत दिवसा ऊन साठविते. उन्हाळ्याच्या प्रारंभी नव्या फांद्यांचे शेंडे पाच-सहा पानांवर खुडतात, म्हणजे बाजूने नवे धुमारे फुटतात व त्यांच्या टोकांवर पुढील वर्षाच्या फळकळ्या वेळेवर बसतात. शरद ऋतूत वाटाण्याहून मोठी झालेली सर्व हिरवी फळे काढून टाकतात व वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान तेवढी ठेवतात. हीच पुढील उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. अशा ठिकाणी हिवाळ्यात शेंडे छाटणे म्हणजे पुढील वर्षाचे पीकच छाटणे होय.

जेथे हिवाळा याहून कडक असतो तेथे प्रश्न लाकूड जगविण्याचा असतो. न्यूयॉर्क परिसरात स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांनी एक रीत जपली. पाने गळाल्यावर फांद्या आवरत्या छाटून बांधावयाच्या, एका बाजूची मुळे तोडून झाड चरात आडवे करावयाचे व माती-पाल्याने झाकावयाचे. उझबेकिस्तानातही झाडे जमिनीलगत वाढवून हिवाळ्यात मातीखाली झाकण्याची पद्धत आहे. येथे छाटणी झाडाला वाकविता व झाकता येईल असा आकार देते. एक उंच खोड राखण्याऐवजी बुडापासून अनेक लवचिक खोडे ठेवण्याचे कारणही हेच. एखादे खोड गोठून मेले, तरी दुसरे त्याची जागा घेते. आणि सर्वच मेली, तरी मुळांतून नवी फूट येते. मृत लाकूड कोणते, हे वसंतात कळ्या हलू लागल्याशिवाय निश्चित कळत नाही. म्हणून अंतिम छाटणी थंडी ओसरेपर्यंत थांबविली जाते.

जपानचा मार्ग निराळा आहे. तेथील उन्हाळा दीर्घ व उष्ण असल्यामुळे नव्या फांदीवरील फळ सहज पिकते. म्हणून जमिनीपासून थोड्या उंचीवर दोन आडव्या भुजा कायम ठेवून त्यांवरील सर्व फांद्या दर हिवाळ्यात एक-दोन डोळ्यांवर आणतात. गतवर्षीच्या लाकडावरील थोडी फळे त्यामुळे जातात, परंतु सर्व नव्या फांद्या सारख्या जोमाच्या व हाताच्या उंचीत राहतात. अर्थात या आडव्या भुजांना थंडीच्या रात्री गवताच्या आच्छादनाने जपावे लागते.

तेव्हा शीत प्रदेशांतही छाटणीचा एकच नियम नाही. जेथे उन्हाळा तोकडा तेथे जुने लाकूड राखतात. जेथे उन्हाळा पुरेसा तेथे जुने लाकूड काढून नवे घेतात. दोहोंत समान गोष्ट ही, की झाडाला विश्रांती निसर्ग देतो. थंडी पाने गाळते, वाढ थांबविते व वसंतात सर्व कळ्यांना एकाच वेळी जागे करते. छाटणाऱ्याने केवळ त्या विश्रांतीचा लाभ घ्यावयाचा असतो.

पुण्याची थंडी व तिचे स्वरूप

पुणे वेधशाळेच्या नोंदींतील किमान तापमानाचा नीचांक १.७ अंश सेल्सिअस असून तो जानेवारी १९३५ मधील आहे. म्हणजे नोंदीतील सर्वांत थंड रात्रीही येथील हवा अंजिराचे परिपक्व लाकूड मारण्याइतकी थंड नव्हती. डोंगराच्या पायथ्याच्या खोलगट जागी रात्री थंड हवा उतारावरून ओघळून साचते व तेथे तापमान भोवतालापेक्षा कमी राहते, हे खरे. तथापि तेवढ्याने शीत प्रदेशातील स्थिती उत्पन्न होत नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, पुण्याची थंडी झाडाला पूर्ण विश्रांती देण्यास असमर्थ आहे. अंजिराची शीतनाची गरज मुळातच अल्प असली, तरी सर्व पाने एकदम गाळून सर्व कळ्या एकदम फोडण्याचे काम येथील हिवाळा करीत नाही. झाडाला स्वतःच्या गतीवर सोडले, तर वर्षभर थोडी फूट व थोडे फळ येत राहते आणि कोणताच बहार भरघोस होत नाही. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. येथील थंडी लाकूड मारीत नाही, पण ती वेळ खाते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत नवी फूट मंदावते, पेरी आखूड राहतात व फळाची वाढ रेंगाळते. म्हणून येथे छाटणीची तारीख ठरविताना गोठण्याचा विचार करावा लागत नाही; नवी फूट थंडीच्या आधी किती पेरी वाढेल, याचा करावा लागतो.

बहार धरणे व छाटणी

जे काम शीत देशात हिवाळा करतो, ते पुरंदरचा शेतकरी स्वतः करतो. प्रथम पाणी तोडून झाडाला ताण देतात. मुरमाड व उथळ जमिनीत हा ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत उशिरा. यामुळे वाढ थांबते व काही पाने गळतात. त्यानंतर छाटणी, उरलेल्या पानांची काढणी, आळ्यांची चाळणी, खत व पाणी या क्रमाने झाडाला पुन्हा जागे केले जाते. या साऱ्याला बहार धरणे म्हणतात.

बहार दोन आहेत : खट्टा व मीठा. जुन्या वर्णनांत खट्टा बहार म्हणजे पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास पिकणारा, नावाप्रमाणेच कमी गोडीचा बहार. आणि मीठा बहार म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पिकणारा, उत्तम प्रतीचा. आज पुरंदरमध्ये खट्टा बहाराची छाटणी साधारणतः जूनच्या सुमारास होते व फळ पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात येते. मीठा बहाराची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होऊन फळ फेब्रुवारी ते मे या काळात मिळते. संज्ञा तीच राहिली, परंतु तिचा कालार्थ सरकला. जुने व नवे लेख एकत्र वाचताना हा फरक ध्यानात न घेतल्यास घोटाळा होण्याचा संभव आहे.

छाटणीपासून पहिले फळ हाती येण्यास साडेचार ते पाच महिने धरावे लागतात. कळी फुटून फांदीने फळ दाखविण्यास काही आठवडे व फळ धरल्यापासून पिकण्यास सुमारे चार महिने, असा हा हिशेब आहे. फळाची वाढही एकसारखी नसते. प्रथम ती वेगाने होते, मग दीर्घ काळ जवळजवळ थांबते व अखेरच्या टप्प्यात फळ झपाट्याने फुगून गोड होते. हा अखेरचा टप्पा कोणत्या हवेत येतो, यावर फळाची प्रत अवलंबून असते. ऑक्टोबरच्या प्रारंभी छाटलेल्या झाडाची फूट ऑक्टोबरच्या उष्ण व निरभ्र दिवसांत जोमाने वाढते, फळाचा मंद टप्पा थंडीत जातो आणि अखेरचा टप्पा फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या उन्हात येतो. मीठा बहाराच्या गोडीचे रहस्य मुख्यतः या जुळणीत आहे. तीच छाटणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लांबली, तर फूट थंडीत सापडते, फांदीवर पेरी कमी बसतात व हंगाम लांबून अखेरची फळे वळवाच्या पावसात सापडण्याचा धोका राहतो. पिकत्या फळावर पाऊस पडला, की ते फुटते व नासते.

खट्टा बहारापुढील अडचणी निराळ्या आहेत. त्याची कोवळी फूट पावसाळ्याच्या दमट हवेत वाढते व तांबेऱ्याला बळी पडते. हा बुरशीजन्य रोग पानांच्या खालच्या बाजूस वाढून पाने गाळतो. पाने गेली, की फळाचे पोषण खुंटते. म्हणून या बहारासाठी छाटताना झाडाच्या मध्यभागी ऊन व वारा खेळेल असे मोकळे अंतर ठेवण्यावर अधिक भर द्यावा लागतो व बोर्डो मिश्रणासारख्या ताम्रयुक्त फवाऱ्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. उलट मीठा बहारासाठी ताण देणे कठीण असते, कारण तेव्हा पाऊस जमिनीला कोरडी पडू देत नाही. अशा वेळी ताणाची उणीव छाटणी व पानकाढणी यांनी भरून काढावी लागते. थोडक्यात, एका बहारात छाटणी ताणाच्या जोडीला येते, तर दुसऱ्यात ती ताणाच्या जागी येते.

किती छाटावे, याचे उत्तरही येथेच सापडते. पुण्यातील पीक प्रामुख्याने नव्या फांदीवरचे. तेव्हा उत्पन्न हे नव्या फांद्यांची संख्या व प्रत्येक फांदीवरील फळधारक पेरी यांच्या गुणाकारावर अवलंबून राहते. फारच हलकी छाटणी केली, तर फांद्या पुष्कळ पण दुबळ्या येतात. फारच कडक केली, तर फांद्या थोड्या पण माजलेल्या येतात व त्यांचे अन्न लाकूड वाढविण्यातच खर्ची पडते. यांतील मध्य गाठणे हे झाडाचे वय, जमीन व पाणी यांवर अवलंबून असल्यामुळे त्याचा सर्वत्र लागू पडेल असा आकडा सांगता येत नाही. रोगट, वाळलेल्या, एकमेकींत शिरलेल्या फांद्या व बुडातून येणारे अनावश्यक धुमारे मात्र कोणत्याही बहारात काढलेच पाहिजेत. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावतात. छाटताना चीक त्वचेस लागू देऊ नये. त्यातील द्रव्ये उन्हाच्या संयोगाने त्वचेवर फोड उठवितात.

खाच पाडण्याची रीत

नव्या फांद्यांची संख्या वाढविण्याचा आणखी एक उपाय पुणे भागात रूढ झाला व उद्यानविद्येच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत त्याची पुण्याच्या अंजिराशीच सांगड घातलेली आढळते. तो म्हणजे निवडक सुप्त डोळ्यांच्या लगेच वर खाच पाडणे. सुमारे आठ महिने वयाच्या फांदीवर, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, डोळ्याच्या वरच्या बाजूस सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीचा सालीचा आडवा तुकडा लाकडाला किंचित स्पर्श होईल इतपत खोल काढतात. एका फांदीवर अशा तीन-चार खाचा पुरेशा होतात.

याचे कारण वनस्पतिशरीरक्रियाविज्ञानात स्पष्ट आहे. फांदीच्या अग्रावर तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक खाली वाहत येऊन बगलेतील कळ्यांना दबवून ठेवते. खाचेमुळे हा प्रवाह त्या एका डोळ्यापुरता अडतो व तो फुटतो. शेंडा छाटल्यासही दाब नाहीसा होतो, परंतु तेव्हा बहुधा कापाजवळचे वरचे डोळेच फुटतात आणि त्यांचाच दाब खालच्यांवर बसतो. खाच पाडल्याने फांदीच्या मधल्या भागातील उघडी जागा भरून काढता येते. शीत प्रदेशातील वाचकाला ही रीत काहीशी अनावश्यक वाटेल, कारण तेथे हिवाळा कळ्यांची झोप एकदम उडवितो. जेथे हिवाळा ते काम अर्धवट करतो, तेथेच तिचे मोल कळते.

द्राक्षाशी तुलना

महाराष्ट्रात शीत प्रदेशातील आणखी एका वेलीला उष्ण हवेत आणताना छाटणीचेच साहाय्य घ्यावे लागले. ती म्हणजे द्राक्षवेल. तिची येथे वर्षातून दोनदा छाटणी होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पीक मात्र एकच घेतात. द्राक्षाचा घड काडीवरील डोळ्यात आधीच घडविला जातो. म्हणून पहिल्या छाटणीने काडी तयार करावयाची व दुसरीने तिच्यातील घड बाहेर आणावयाचा, असा हा क्रम आहे. अंजिराचे फळ वाढत्या फांदीवर पेऱ्यापेऱ्यात धरत जाते, त्यासाठी आधी काडी पिकविण्याची गरज नसते. त्यामुळे एका बहारास एक छाटणी पुरते. मात्र यावरून एकाच झाडावर वर्षातून दोनदा छाटून दोन्ही बहार भरघोस घेता येतील, असे अनुमान काढणे धोक्याचे आहे. विश्रांतीचा काळ गेला, की फांदीतील अन्नसाठा भरून निघत नाही. बागेचे भाग पाडून एका भागात खट्टा व दुसऱ्यात मीठा बहार धरणे, हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय.

समारोप

वरील विवेचनाचे सार असे. अंजिराच्या छाटणीचा नियम शोधताना तीन प्रश्न क्रमाने विचारावे लागतात : फळ कोणत्या वयाच्या लाकडावर घ्यावयाचे आहे, झाडाला विश्रांती कोण देणार आहे, आणि फळाचा अखेरचा टप्पा कोणत्या हवेत आणावयाचा आहे. इंग्लंडमध्ये उत्तर गतवर्षीचे लाकूड, हिवाळा व उन्हाळ्याची अखेर असे येते. पुण्यात ते चालू हंगामाचे लाकूड, बागाईतदाराचा ताण व कात्री आणि फेब्रुवारी-मार्चचे कोरडे ऊन असे येते. नियम वेगळे दिसतात ते उत्तरे वेगळी असल्यामुळे.

ही गोष्ट केवळ सैद्धांतिक समाधानाची नाही. परतीचा पाऊस लांबला, तर सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी पुढे ढकलावी लागते. ढकलली, तर फूट थंडीत सापडते. या कोंडीत पंचांगातील तारीख धरून बसणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा तिच्यामागील कारण जाणणारा शेतकरी अधिक सावधपणे निर्णय घेऊ शकेल, आणि त्याला सल्ला देणाऱ्या पदवीधराकडून तर याहून कमी अपेक्षा करता येणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामासही वाव आहे. कात्रजचा उत्तर पायथा, घाटमाथा, खेड-शिवापूरची दरी व सासवडचे पठार ही चार ठिकाणे अल्प अंतरात चार प्रकारची हवा दाखवितात. तेथील झाडांवर एकाच दिवशी सारखी छाटणी करून दर आठवड्यास रात्रीचे किमान तापमान, नव्या फांदीवरील पेऱ्यांची संख्या व फळ दिसण्याची तारीख एवढ्या तीनच गोष्टी नोंदविल्या, तरी छाटणी किती दिवस लांबविल्यास किती पेरी हातची जातात, हे स्थानिक आकड्यांनी मांडता येईल. कात्रजच्या बाजूस शहराची वस्ती वेगाने वाढत आहे. तेथे झाडे उभी आहेत तोपर्यंतच या तुलनेची एक बाजू उपलब्ध राहील.